सरणत्तयंच्या आधी

संविधान दिन त्या वर्षी रविवारी आला. हरिदास गजभिये हयात असते, तर हा योग त्यांनी वर्षभर आधीच हेरून ठेवला असता. सुटीचा दिवस नसला तर माणसे जमत नाहीत, आणि माणसे जमली नाहीत तर संघटना कागदावरच राहते, असे ते म्हणत. कॉव्हेंट्रीच्या फाउंड्रीत सहा दिवस राबायचे आणि सातव्या दिवशी कोच पकडून दुसऱ्या शहरात सभेला जायचे, हा क्रम त्यांनी एकतीस वर्षे पाळला. त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली होती. त्यांचे अपुरे राहिलेले काम आज त्याच कॉव्हेंट्रीत, कम्युनिटी सेंटरच्या त्याच हॉलमध्ये पुरे व्हायचे होते. ते पुरे करण्याची जबाबदारी त्यांच्या मुलीने, मृणालने, आपण होऊन पत्करली होती.

काम सांगायला सोपे होते. ब्रिटनमधल्या सात शहरांत बाबासाहेबांच्या वाटेने चालणाऱ्या मराठी बौद्धांच्या सात संस्था होत्या. प्रत्येकीचे नाव वेगळे, अध्यक्ष वेगळा, जयंतीची मिरवणूक वेगळी आणि रुसवेही वेगळे. या सातांचा एक महासंघ व्हावा, कौन्सिलच्या किंवा पार्लमेंटच्या दारात उभे राहताना सगळ्यांचा आवाज एक असावा, असे हरिदासांच्या मनाने घेतले तेव्हा मृणालचा जन्मही झालेला नव्हता. सातही शहरांनी ज्यांना आपले मानले असे ते पहिलेच नेते. लोक त्यांना राष्ट्रीय अध्यक्ष म्हणायला निघाले होते, पण त्यांनी ‘निमंत्रक’ एवढाच शब्द घेतला. “बोलावणारा मी. अध्यक्ष तुम्ही निवडा, महासंघ झाल्यावर,” ते म्हणाले होते. महासंघ झाला नाही, आणि ते अखेरपर्यंत बोलावणारेच राहिले.

हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, पण बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या भिंतीवर नव्हता. तो दाराजवळ, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर होता. तो तिथेच लावायचा हे मृणालच्या आईने, लताबाईंनी ठरवले होते. “त्यांच्या रांगेत नको. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘या’ म्हणायला हे दाराशीच बरे,” असे त्या म्हणाल्या होत्या.

मृणाल पन्नाशीची होती. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ती फार्मसिस्ट होती आणि नॉटिंगहॅमच्या संस्थेची सचिव. महासंघाची चौदा पानी घटना तिने दोन वर्षे खपून तयार केली होती. दोन वर्षांतले अर्धे अधिक रविवार तिने गाडीत काढले होते, आणि वडील हाच प्रवास बसने, मांडीवर डबा ठेवून कसा करत असतील, हा विचार प्रत्येक वेळी तिच्या मनात येऊन गेला होता. ते वूल्व्हरहॅम्प्टनला एकदा बर्फात चार मैल चालत गेले होते. मेडनहेडला तेव्हा मराठी बौद्धांची तीन घरे होती, तर तीन घरांसाठीही ते जात, आणि पलंगावर बसलेल्या पाच माणसांपुढे उभे राहून भाषण करत. “बसून बोला ना, दादा,” असे कुणी म्हटले, तर म्हणत, “पाच असोत की पाच हजार, सभा ती सभाच.” ही गोष्ट मृणालने आपल्या मुलीला, तनिषाला, इतक्यांदा सांगितली होती की आज सकाळी गाडीत तनिषानेच ती पुरी केली: “आय नो, मम्मी. सभा इज सभा.”

दीड वाजता हॉल भरला. सात शहरांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी मधल्या टेबलाभोवती, बाकीची साठसत्तर माणसे मागच्या खुर्च्यांवर. कॉव्हेंट्रीचे यतीन वाळके, निवृत्त शिक्षक, अध्यक्षस्थानी होते. त्रिसरण-पंचशील झाले आणि हजेरी सुरू झाली. हरिदासांच्या काळात हजेरी सर्वांत लहान गावापासून घेत. आधी मेडनहेड, शेवटी मोठी शहरे. मृणालच्या घटनेत क्रम सदस्यसंख्येनुसार होता, मोठे आधी. वाळके सरांनी तसाच वाचला. मागे बसलेल्या एकदोन वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले.

हरिदासांचा दुसरा एक नियम मात्र मृणालने शब्दशः ठेवला होता. सभेची सांगता सरणत्तयं या गाथेने व्हायची, आणि सरणत्तयं म्हणून झाल्यावर कोणताही निर्णय घेता येणार नाही. बाहेरच्याला हा नियम धार्मिक वाटला असता, पण त्याचे मूळ व्यवहारात होते. सुरुवातीच्या काळात सभा संपली की बायका मुलांना घेऊन घरी जात, रात्रपाळीची माणसे कामावर जात, आणि मग चारदोन वजनदार मंडळी चहा पीत पीत सगळे ठराव फिरवत. हरिदासांनी ते बंद केले. गाथा म्हटली की सभा संपली, मग कुणी कितीही मोठा असो.

आठ कलमे दीड तासात मंजूर झाली. मृणालला आतून हलके वाटू लागले होते. आणि मग नववे कलम आले.

नववे कलम मतांचे होते. महासंघात प्रत्येक शहराला सदस्यांच्या प्रमाणात मते: पन्नास सदस्यांमागे एक. नॉटिंगहॅमची चारशेवर माणसे, म्हणून आठ मते. कॉव्हेंट्रीला सहा. मेडनहेडचे एकतीस सदस्य, त्यांना सवलत म्हणून एक. मोठ्या शहरांना घेऊन पुढे जायचे तर दुसरा मार्ग नाही, असे तिचे प्रामाणिक मत होते. शिवाय हे तिच्या कामाच्या शिस्तीलाही धरून होते. औषधाची मात्रा माणसाच्या वजनावर ठरते, त्यात अन्याय कसला?

मेडनहेडचा राकेश मेश्राम उठला. चाळिशीचा, शांत, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा. “मृणालताई, मेहनत तुमची मोठी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हिशेब सरळ आहे. नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅम यांनी ठरवलं की बाकीच्या चौघांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. आम्ही रूममध्ये असू, दॅट्स ऑल. त्यापेक्षा आम्ही आपले मेडनहेडलाच बरे.”

“अरे, एकतीस माणसं तुम्ही!” नॉटिंगहॅमचे दुसरे प्रतिनिधी शशी रामटेके बसल्या जागेवरूनच म्हणाले. त्यांनी ऐंशी ओलांडली होती, आवाज मात्र खणखणीत. सगळे त्यांना शशीकाका म्हणत. “आमच्याकडे वर्षावासाच्या प्रवचनाला एकतीस माणसं नुसती चपला सांभाळायला लागतात.”

हशा पिकला. राकेशही हसला, पण खाली बसला नाही. “काका, चपला सांभाळणाऱ्यालाही आपल्याकडे एक मत असतं.”

“व्वा,” मागून कुणीतरी म्हणाले.

शशीकाका आता रंगात आले. “हेच, हेच एक्क्याऐंशी साली झालं होतं. या तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. याच हॉलमध्ये! मीच ठराव मांडला होता, सदस्यांच्या प्रमाणात मतं. अध्यक्षस्थानी हरिदासदादा. पाच शहरं बाजूने, हात वर करायचा तेवढा अवकाश होता. आणि तेवढ्यात आमच्या लताबाई,” इथे त्यांनी हॉल आणि किचन यांच्यामधल्या खिडकीकडे हात केला, “त्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या आणि सुरू केलं सरणत्तयं! त्यांना वाटलं, सभा संपली. बायकांनी सूर धरला, मग पुरुष उठले, गाथेला कोण बसून राहणार? म्हणून झालं आणि दादा म्हणाले, सभा संपली. मी म्हटलं, दादा, मत घ्यायचं राहिलं! तर म्हणाले, नियम आहे. स्वतःचाच नियम, स्वतःचीच बायको, आणि स्वतःचाच महासंघ बुडाला!” त्यांनी डोळे पुसले. “वाळके सर, आज लताबाईंना किचनमध्येच बिझी ठेवा म्हणजे झालं.”

हॉल हसून हसून दमला. मृणालचे कान तापले. ही गोष्ट तिने प्रत्येक जयंतीला, प्रत्येक लग्नात ऐकली होती. त्या दिवशी ती आठ वर्षांची होती आणि कोटांच्या ढिगावर झोपली होती. तिला आठवत होता तो फक्त ओल्या लोकरीचा वास आणि झोपेत ऐकू आलेला आईचा सूर. मोठी झाल्यावर तिला कळले की आईच्या एका चुकीपायी वडिलांचे स्वप्न मोडले, आणि आई त्यावर लोकांबरोबर हसते. त्या हसण्याचा तिला कधी कधी रागही आला होता. दोन वर्षांचे रविवार तिने काढले त्यामागे हेही होते. घरातून झालेली चूक घरातल्याच माणसाने भरून काढायची.

वाळके सरांनी घड्याळ पाहिले. “चहा घेऊ. पावणेचारला बसू आणि मत घेऊ. पाचला किल्ल्या परत द्यायच्या आहेत, आणि आपल्याला सगळ्या संस्थांनी दिलेले अधिकारही डिसेंबरअखेरपर्यंतच आहेत. आज नाही झालं तर पुन्हा सात ठिकाणी सात सभा.”

मृणालने मनातल्या मनात मोजले. सातपैकी पाच संस्था बाजूने हव्यात, आणि पाच होत्या. साउथॉल काठावर होते, पण येईल. मेडनहेड जाणार. सहा शहरांचा महासंघ होईल. सात नाही, पण सहा. वडिलांना शून्य मिळाले होते.

किचनमध्ये लताबाई सिंकपाशी उभ्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या, ठेंगण्या, पांढरी साडी आणि तिच्यावर जाड कार्डिगन. शेजारी तनिषा कप पुसत होती. डिशवॉशर होता, पण लताबाईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

“आई, चहा पाठवला का बाहेर?”

“गेला. शशीबाबूंना साखर कमी दिली. हसून हसून दम लागला असेल त्यांना.”

“तू ऐकलंस?”

“खिडकी उघडी होती.” त्यांनी कप पाण्यातून काढला. “बेचाळीस वर्षांत एक शब्द बदलत नाहीत. पाठांतर चांगलं आहे.”

तनिषाने टॉवेल खांद्यावर टाकला. ती वॉरिकला कायदा शिकत होती आणि तिला साक्षीदाराला सरळ प्रश्न विचारायची सवय लागली होती. “आजी, पण तुला सगळी गाथा बाय हार्ट येते. टायमिंग पण तुला माहीत असतो. तू चुकून कसं सुरू केला?”

लताबाईंनी नळ बंद केला.

“चुकून कोण म्हणतं?”

मृणालला वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. “म्हणजे काय?”

“म्हणजे काय म्हणजे? बारा वर्षं सभेची सांगता मीच करत होते, पोरी. सभा कधी संपते ते मला नाही कळणार तर कुणाला?” त्यांनी हात पदराला पुसले आणि स्टुलावर बसल्या. आवाज नेहमीचाच होता, भाजी निवडताना बोलावे तसा. “त्या दिवशी मेडनहेडहून शेवंताबाई आल्या होत्या. नवरा पाळीवर होता, म्हणून प्रतिनिधी म्हणून त्याच. कडेवर पोर, पहाटेची कोच पकडून आलेल्या. ठरावावर बोलायला त्यांनी हात वर केला. मी इथून, या खिडकीतून बघत होते. हात वर, पोर खांद्यावर. कुणी बघेना. शशीबाबू बोलले, बर्मिंगहॅमवाले बोलले, पुन्हा शशीबाबू बोलले. शेवंताबाईंचा हात दुखला, तेव्हा त्यांनी दुसरा केला. आणि एकदम सगळे म्हणायला लागले, मत घ्या, मत घ्या.”

“बाबा अध्यक्ष होते. बाबांनी...”

“तुझ्या बाबांसमोर खांब होता. हाच. तिथून ती बाजू दिसत नाही, बघ उभी राहून. आणि अध्यक्षाने बाजू घ्यायची नाही हाही त्यांचाच नियम. तेव्हा मग जे माझ्या हातात होतं ते मी केलं.”

“तू मुद्दाम सभा संपवलीस?”

“संपवली.”

मतदान होऊच न देण्याच्या डावपेचाला संसदेत काय म्हणतात, ते कायद्याच्या विद्यार्थिनीला माहीत होते. तनिषा अगदी हळू म्हणाली, “आजी, दॅट इज अ फिलिबस्टर.”

“ते काय असतं ते मला माहीत नाही. मला गाथा येत होती.”

मृणालने सिंकच्या काठाला हात टेकला. इतकी वर्षे वागवलेले काहीतरी जागेवरून सरकत होते, आणि त्याजागी काय येईल ते तिला अजून दिसत नव्हते. “मग सांगितलं काहून नाहीस?” तिच्या तोंडून आईचा, नागपूरचा शब्द गेला. “इतकी वर्षं हसतात सगळे.”

“चूक माणसं माफ करतात. मुद्दाम केलं म्हटलं असतं तर शेवंताबाईंच्या नावावर भांडण पेटलं असतं, पुन्हा कोणी त्यांना बोलावलं नसतं. हसतात तर हसू दे. हसणारा माणूस पुन्हा सभेला येतो.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांनीही कधी विचारलं नाही. त्या रात्री बसमधून घरी येताना तू त्यांच्या मांडीवर झोपली होतीस. पार स्टॉप येईपर्यंत गप्प होते. उतरताना एवढंच म्हणाले, ‘लता, आज आवाज छान लागला होता.’ आणि पुढच्या रविवारी मेडनहेडला गेले. शेवंताबाईंचं काय म्हणणं होतं ते ऐकून, लिहून घेऊन आले.”

“काय म्हणणं होतं?”

“जे हा राकेश म्हणतो तेच. आम्ही थोडे आहोत, म्हणून आमचं थोडं ऐकू नका.”

मृणालला आपलाच आवाज आतून ऐकू आला: मात्रा वजनावर ठरते. तो तिने मोठ्याने उच्चारला, जणू आईकडून त्याची तपासणी करून घ्यायची होती. “आई, पण मोठ्या शहरांचीही माणसंच आहेत ना? चारशे माणसांना आणि एकतीस माणसांना सारखं कसं धरायचं? औषधसुद्धा आम्ही वजनावर देतो.”

“दे ना वजनावर. पण वॉर्डात पेशंट मोजताना बारीक माणूस अर्धा धरतेस काय?”

तनिषाने हसू टॉवेलात लपवले. मृणाल हसली नाही. ती खिडकीशी गेली आणि खांबाकडे पाहत राहिली. खरोखरच, अध्यक्षाच्या खुर्चीवरून टेबलाच्या डाव्या टोकाच्या तीन खुर्च्या दिसल्या नसत्या. आत्ता त्यांतल्या एकीवर राकेश बसला होता, कोट अंगात घातलेला, निघायच्या तयारीने.

“आजी, आज पण कर ना,” तनिषा म्हणाली. “प्लीज. वन मोअर टाइम.”

“नाही गं. तेव्हा मला दुसरा मार्ग नव्हता, टेबलाशी बाईमाणसाला खुर्चीच नव्हती.” लताबाईंनी मृणालकडे पाहिले. “आता आहे.”

पावणेचारला सभा बसली. वाळके सरांनी नववे कलम वाचले आणि मत घेण्यापूर्वी कुणाला काही बोलायचे आहे का, असे विचारले. मृणाल उठली, आणि आधी म्हणाली, “सर, तुमची खुर्ची थोडी उजवीकडे घ्या.”

“का?”

“खांब आड येतो.”

वाळके सरांनी खुर्ची सरकवली. राकेशने मान वर केली.

“कलम मी लिहिलं आहे, म्हणून ते बदलण्याची सूचनाही मीच मांडते,” मृणाल म्हणाली. “कोणताही निर्णय दोनदा मोजायचा. आधी शहरं मोजायची, प्रत्येकाला एक मत, मेडनहेडला एक आणि नॉटिंगहॅमलाही एकच. मग माणसं मोजायची, सदस्यांच्या प्रमाणात. दोन्हीकडे बहुमत असेल तरच निर्णय. मोठ्यांना डावलून काही होणार नाही आणि लहानांना गुंडाळूनही काही होणार नाही.”

कुजबुज उसळली. साउथॉलच्या बाईंनी मान डोलावली. शशीकाका उभे राहिले, आणि या वेळी ते हसत नव्हते. “मृणाल, हे आपल्या कमिटीत ठरलेलं नाही. आपल्या दोन प्रतिनिधींचं एकमत नसेल तर नॉटिंगहॅमचं मतच नाही, हे तुला माहीत आहे. आणि नॉटिंगहॅम नसेल तर कसला महासंघ? बेचाळीस वर्षं थांबलोय मी. माझ्याकडे आणखी बेचाळीस नाहीत.”

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज किंचित फाटला, आणि मृणालला प्रथमच लक्षात आले की विनोद सांगत फिरणाऱ्या या माणसालाही त्या दिवशी काहीतरी गमवावे लागले होते. वडिलांबरोबर वूल्व्हरहॅम्प्टनच्या बर्फातून चालत गेलेला दुसरा माणूस हाच होता.

“काका,” ती म्हणाली, “एक्क्याऐंशी साली मेडनहेडहून कोण आलं होतं, आठवतं?”

“मेडनहेडहून? कोणीतरी बाई होत्या. बोलल्या नाहीत काही.”

“त्यांनी हात वर केला होता. कुणी बघितला नाही. आईने बघितला.” तिने एक श्वास घेतला. “आई चुकली नव्हती, काका.”

हॉलमध्ये आधी कुणालाच काही कळले नाही, मग मागच्या वृद्ध बायकांमधून एक ‘अगं बाई’ आली आणि ओळीओळीने पुढे सरकत गेली. शशीकाकांनी खिडकीकडे पाहिले. खिडकीत लताबाई नव्हत्या, नळाचा आवाज तेवढा येत होता.

ते टेबलापासून निघाले आणि किचनमध्ये गेले. खिडकीतून सगळ्यांना दिसत होते, ऐकू काही येत नव्हते. शशीकाका बोलत होते, हात हलवत होते. लताबाई कप धूत होत्या. ते थांबले. त्या काहीतरी म्हणाल्या, फार तर चार शब्द. शशीकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लताबाईंनी एक ओला कप त्यांच्या हातात दिला, तनिषाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तोही दिला. शशीकाका कप पुसू लागले. एक पुसला, दुसरा पुसला. पन्नासेक वर्षांत या माणसाला किचनमध्ये कुणी पाहिले नव्हते.

सहा कप झाल्यावर ते परत आले. शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या.

“वाळके सर,” ते उभ्याउभ्याच म्हणाले, “नॉटिंगहॅमच्या दोन्ही प्रतिनिधींचं एकमत आहे. दोनदा मोजायचं.” मग राकेशकडे वळून, “आणि तुम्ही कोट काढा हो, मेश्राम. इथे हीटिंग चालू आहे.”

राकेश उठला आणि त्याने कोट काढला. खुंटी दाराशीच होती. कोट अडकवताना त्याची नजर वरच्या फोटोवर गेली आणि तो क्षणभर तिथेच थांबला. मग वळून म्हणाला, “मेडनहेड बाजूने.”

“थांबा, थांबा, अजून विचारलं नाही!” वाळके सर गडबडले. “रीतसर घेऊ. मृणालताई, क्रम?”

मृणालच्या समोर मोठ्या शहरापासून लहानाकडे जाणारी यादी होती. तिने कागद फिरवला आणि तळापासून वाचायला सुरुवात केली. “मेडनहेड.”

“होय.”

“साउथॉल.”

“होय.”

मागच्या वृद्धांपैकी एकाने काठी जमिनीवर आपटली. जुना क्रम त्याने ओळखला होता. वूल्व्हरहॅम्प्टन होय म्हणाले, लेस्टर होय म्हणाले. एवढ्यात शशीकाकांनी खिडकीकडे पाहिले आणि ओरडले, “भराभर मोजा हो! लताबाई टॉवेल खाली ठेवतायत!”

हॉलभर हशा फुटला. त्या हशातच बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीचे होय आले, आणि शेवटी, सर्वांत मोठ्या शहराचे शेवटी, मृणाल आणि शशीकाका यांचे, दोघांचे मिळून एक. सातपैकी सात. वाळके सरांनी ते दोनदा उच्चारले.

सह्या व्हायला वीस मिनिटे लागली. लताबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात कट्ट्यावर. सगळी घटना, चौदाही पाने, शेवटच्या सहीसह बंद झाली, तेव्हा वाळके सरांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली.

“झालं ना मोजून?” लताबाईंनी विचारले. “मग मला बोल लावू नका.”

साठसत्तर खुर्च्या एकदम मागे सरकल्या. लताबाईंनी डोळे मिटले आणि सुरू केले. पहिली ओळ नीट आली. दुसरीला दम पुरला नाही, सूर मध्येच तुटला, आणि क्षणभर मोकळी जागा राहिली. ती तनिषाने भरली, उच्चार चुकतमाकत, पण सूर आजीचाच. मग बायका, मग सगळे. मृणाल टेबलाशी उभी होती, टेबलावर पसरलेल्या सह्यांवर तिचा हात होता, आणि लहानपणी झोपेत ऐकलेला सूर ती प्रथमच पूर्ण जागेपणी ऐकत होती. त्या दिवशी तो सूर जे वाचवायला निघाला होता, ते आज वाचले होते. ताठ मानेने तिने दाराकडे पाहिले. फोटो अर्धा एकावर एक चढवलेल्या कोटांनी झाकला गेला होता. हरिदासांना ते चालले असते. कोट जास्त म्हणजे माणसे जास्त.

परतताना गाडीत लताबाई पुढच्या सीटवर बसल्या. बाहेर अंधारून आले होते.

“आवाज फाटला आज,” त्या म्हणाल्या.

“छान लागला होता, आई.”

“खोटं बोलू नको. तुझे बाबा असते तर असलं काही म्हणत बसले नसते. आधी इतिवृत्त वाचायला लावलं असतं. घरी पोचायच्या आत.”

मृणालने आरशात पाहिले. मागे तनिषाने फाइल आधीच उघडली होती आणि फोनचा उजेड पानावर धरला होता. तिचे मराठी वाचन अक्षर अक्षर लावत चालायचे.

“‘हजर संस्था,’” ती वाचू लागली. “‘नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री...’”

“अंहं,” लताबाई म्हणाल्या. “वरून नाही. खालून घे.”

तनिषाने बोट पानाच्या तळाशी नेले.

“‘मेडनहेड,’” तिने वाचले.

“हं,” लताबाई म्हणाल्या, आणि सीटवर मागे टेकून ऐकू लागल्या.